तिनं नाव काढलं

माझ्या बायकोनं मला तिचं नाव लिहून मागितलं होतं, आणि मी तिला माझं नाव लिहून दिलं. तिला अक्षरओळख नव्हती. मी दिलेलं नाव तिचंच आहे असं समजून तिनं ते दोसुतीच्या कापडावर लाल रेशमानं काढलं. एकेक फुली मोजून, अकरा दिवस लावून. त्या अकरा दिवसांत मी रोज संध्याकाळी शाळेतून येऊन तिच्यासमोरच बसत होतो, ते नाव सुईखाली तयार होताना पाहत होतो, आणि बोललो नाही.

याला मी चूक म्हणत आलो आहे, पण चूक नकळत होते. मी मराठी शाळेतला मास्तर आहे. अक्षर चुकणं वेगळं आणि अक्षर बदलून ठेवणं वेगळं, एवढं मला कळतं.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिचं माहेर मेहकरकडचं, म्हणजे घाटावरचं. आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे अशी दोन तऱ्हांची माणसं असतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं काही पटत नाही. माझी आई तिच्या पहिल्या वर्षी म्हणायची, "घाटावरची पोट्टी, भाकर थापते का गवरी थापते, समजत नाई." ती ऐकून घ्यायची. माहेर लांब, बैलगाडीचा दोन दिवसांचा रस्ता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिची आई गेली आणि मग तिकडून कोणाचं येणंही राहिलं नाही.

लग्नात मी ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ते मीच निवडलं होतं. मोठं होतं, जोडाक्षरं असलेलं, मास्तराच्या बायकोला शोभेल असं. चार जणांनी वाचून वा वा केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनंही मान हलवली. तेरा वर्षं ज्या नावाला तिनं ओ दिली होती, ते त्या दिवशी ताटाबरोबर आत गेलं. पुढे माहेरचं माणूस उरलं नाही, तेव्हा त्या नावानं हाक मारायलाही कोणी उरलं नाही. या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता. कोण करतं?

तिच्या हाताबद्दल मात्र मी पहिल्या वर्षापासून अभिमानानं बोलत आलो. तिच्या माहेरी दोसुती नव्हती. तिची आई हातमागाच्या जाड्याभरड्या कापडावर उभे-आडवे धागे मोजून फुल्या घालायची, आणि लेकीला तिनं तसंच शिकवलं. आमच्याकडे आल्यावर मी खामगावहून दोसुती आणून दिली, सारख्या चौकटींच्या विणीची. तिनं कापड उजेडाकडे धरलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "हे तं मोजूनच देल्लं त्यायनं. आता काय कठीन राह्यलं?"

ती मोजायची विसांत. एक वीस, दोन विसा, तीन विसा. प्रत्येक वीस पुरी झाली की तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकायची. मधे कोणी हाक मारली, दूध उतू गेलं, मूल रडलं, तरी परत येऊन वाटीत बघायची आणि जिथं सोडलं तिथूनच सुई घालायची. तिची मोजणी चुकलेली मी कधी पाहिली नाही. कापडाची उलट बाजू तिच्या आईनं तिला सुलटीइतकीच नीट ठेवायला शिकवली होती. गाठ दिसायची नाही, धागा लोंबायचा नाही.

गावातल्या बायका मोर काढत, कमळं काढत, पोपटाच्या जोड्या काढत. नमुन्यांचे कागद खामगावच्या बाजारातून येत आणि या घरातून त्या घरात फिरत. हिनं तो कागद कधी मागितला नाही. ती चूल काढायची. जातं काढायची. उखळ, मुसळ, दोरीवरचं लुगडं, विहिरीवरची मोट, ज्वारीचं कणीस, भिंतीला टेकवलेली चटई. शेजारची एक बाई एकदा म्हणाली, "काय वं माय, चूल कायले काढली? मोर काढ ना."

"मोर कोनं पाह्यला रोज?" ही म्हणाली. "चुलीपाशी तं म्या जलम काढून राह्यली."

"मंग नवऱ्याले काढ चुलीपाशी."

"तो येतच नाई तिथं. आला तं काढीन."

दोघी हसल्या. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. मीही हसलो.

असं होता होता तिनं एक मोठं कापड करायला घेतलं. दीड हात रुंद आणि अडीच हात लांब. त्याच्यावर खालून वर सात ओळी होत्या. सगळ्यात खाली पहाटेचं जातं, आणि वर चढत चढत दिवस संपेपर्यंतची बाईची सगळी कामं. एका ओळीत डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. खामगावला माझ्या भावाच्या कापसाच्या गाडीवर ती एकदा गेली होती, जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकापाशी दोन तास बसून होती, आणि तिथून आत-बाहेर करणाऱ्या बायका तिनं डोळ्यांनी टिपून आणल्या होत्या. त्यांच्या काळ्या केसांत तिनं मधूनमधून एकेक पांढरी फुली घातली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कापूस. केसात अडकते त्याहिच्या. घरी जाऊनही निघत नाई."

पाचव्या ओळीत एक पाळणा होता आणि त्यात काही नव्हतं. आमचं पहिलं मूल महिन्याच्या आत गेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. तो पाळणा कापडावर पाहिला तेव्हा मला कळलं, की ती बोलली होती, मीच ऐकायला नव्हतो.

त्याच सुमारास शाळेत एक छापील पत्रक आलं. खामगावात शेतीमालाचं आणि घरगुती कामाचं प्रदर्शन भरणार होतं. मी तिला म्हटलं, हे कापड पाठवू. तिनं लगेच हो म्हटलं नाही. तीन दिवसांनी मी जेवायला बसलो असताना म्हणाली,

"आयकता का?"

"काय वं?"

"खालतं कोपऱ्यात चार बोटं जागा हाये. तिथं नाव काढावं म्हन्ते."

"काढ ना. लिहून देतो तुले."

"सासरचं नाई. माह्या मायनं ठेवलं होतं ते."

मला हसू आलं. "ते नाव आता कोन ओळखते?"

"म्हनूनच तं," ती म्हणाली. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली, आणि मग चुलीकडे पाहून बोलली, "हे काम मले मायनं शिकवलं. सासरच्या नावानं मायले कोन वळखन? तिच्या पोरीनं केलं, हे दिसलं पाह्यजे."

इतकं स्पष्ट तिनं सांगितलं होतं. मला समजलं नव्हतं असं म्हणायला मी जागा शोधली आहे, पुष्कळ वर्षं शोधली आहे, पण ती नाही.

मी चौकटींची वही घेऊन बसलो. तिचं माहेरचं नाव मला माहीत होतं, पत्रिकेत वाचलं होतं. दोन अक्षरांचं साधं नाव. आमच्याकडे शेतात काम करणाऱ्या बायकांची असतात तसं. मी ते एकदा चौकटींत भरून पाहिलं. मग माझ्या डोळ्यांपुढे प्रदर्शन आलं. तिथं येणारे डेप्युटीसाहेब, वकील, जिनिंगचे मालक, आमच्या तालुक्याचे मास्तर. ते हे काम पाहतील, खाली वाकतील आणि वाचतील, आणि त्यांना कोणा एका घाटावरच्या पोरीचं नाव दिसेल. ही मास्तराची बायको, हे कोणाला कळणार नाही. मी स्वतःला सांगितलं, की बायकोचं काम ते नवऱ्याच्या घरचंच काम. मी स्वतःला हेही सांगितलं, की तिला कुठं कळणार आहे. दुसरं सांगणं पहिल्यापेक्षा खरं होतं. मी पान उलटलं आणि स्वच्छ, गोल अक्षरात माझं नाव चौकटींत भरलं.

तिनं कागद घेतला आणि चौकटी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"एवढुसं नाव," ती म्हणाली, "अन् एवढ्या फुल्या?"

"काना-मात्रा लागतात," मी म्हटलं.

मी गावातल्या दोन पिढ्यांना काना-मात्रा शिकवल्या. स्वतःच्या घरात एका बाईला शिकवल्या नाहीत. वेळ नव्हता असं मी म्हणत असे. त्या वेळी मात्र मला तिच्या अडाणीपणाचा उपयोग झाला, हे मी आज लिहितो आहे ते फार जड हातानं.

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मनापासून मानायची. उखाण्यातसुद्धा ती नाव इतकं हळू घ्यायची की शेजारच्या बाईलाही ऐकू येऊ नये. त्या बाईच्या हातून मी माझं नाव अकरा दिवस काढून घेतलं. आणि काढताना ती खुशीत होती. तिच्या आईबद्दल ती त्या दिवसांत जितकं बोलली तितकं आधी कधी बोलली नव्हती. आई कापड गुडघ्यावर कसं ताणायची, सुई केसांतून कशी फिरवायची, लेकीच्या हातावर कशी चापट मारायची.

प्रदर्शनात कापडाला पहिला मान मिळाला. ते मधोमध टांगलं होतं आणि त्याच्यापुढून माणसं हलत नव्हती. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती, आणि नुसत्या माझ्या नावामुळे नाही. जिनमधल्या बायकांच्या केसांतला कापूस एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दिसला आणि तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे सोता पाह्यलं बाईनं." त्या कापडावर एक बाई आपलं सगळं जगणं मांडून उभी होती आणि शंभर माणसं ते वाचत होती. एकही अक्षर न येणारी बाई. मग एक पेन्शनर गृहस्थ चष्मा सावरत खाली वाकले, कोपऱ्यातलं नाव वाचलं, आणि विचारलं, हे कोण? शेजारच्या कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"वा मास्तर," ते म्हणाले. "बायकोनं नाव काढलं तुमचं."

सगळे हसले. मी हात जोडले. कारकुनानं कापडावरचं नाव पाहून तेच प्रशस्तिपत्रावर घातलं, आणि ते मी शाळेत माझ्या खुर्चीमागे लावलं.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं. "नाव वाचलं का कोनी?"

"वाचलं," मी म्हटलं. ते खरंच होतं, म्हणून अधिक वाईट होतं.

कापड मी आतल्या खोलीत लावलं. शिकलेले पुरुष बाहेरच्या ओसरीवर बसत. आत येणाऱ्या बायकांत वाचणारी कोणी नव्हती. असं एक वर्ष गेलं आणि दुसऱ्या संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मी शाळेतून जरा लवकर आलो होतो, अंगणात पाय धूत होतो. आत बायकांचा गलका होता. शेजारच्या घरी अकोल्याकडून नवी सून आली होती, चौथी शिकलेली, बोलायला धीट. सगळ्याजणी माझ्या बायकोमागे लागल्या होत्या.

"घ्या ना वं काकू नाव."

"जाऊ द्या ना माय."

"दरसाली असंच करतात ह्या. तोंडात गूळ धरतात अन् बसतात."

तेवढ्यात ती सून म्हणाली, "काकू, भिंतीवर तं काकाजीचं नाव एवढं मोठं काढलं तुमी, अन् तोंडानं घ्याले लाजता काऊन?"

"कोन्तं नाव?" माझ्या बायकोनं विचारलं.

सुनेनं बहुतेक कापडावर बोट ठेवलं असावं. एकेक अक्षर लावत तिनं माझं नाव मोठ्यानं वाचलं. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. आत एक म्हातारी म्हणाली, "व माय, हे तं भल्तीच निंघाली. नवऱ्याचं नाव सुईनं टोचून ठेवलं हिनं." आणि सगळ्या खदखदून हसल्या.

माझी बायको त्या हसण्यात मिसळून हसली. मला तो आवाज आजही ऐकू येतो. "हो माय," ती म्हणाली, "केली गंमत." मग तिनं एकेकीच्या हातावर तीळगूळ ठेवला, ओटी भरली, दारापर्यंत पोचवायला गेली. तिनं मला त्या बायकांपुढे उघडं पाडलं नाही.

सगळ्या गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "ते काय लिहेल हाये?"

"तुहं नाव काय अन् माहं काय," मी म्हटलं. "एकच आहे ते."

"एकच हाये, तं माहं काऊन नाई लिहिलं?"

मला हजेरीपट पुरा करायचा होता, असं सांगून मी बाहेर पडलो.

परत आलो तेव्हा भिंत मोकळी होती. तिनं ते कापड उसवलं नाही, फाडलं नाही. घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं. शाळेतल्या खुर्चीमागचं प्रशस्तिपत्र मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. तेवढंच मला जमलं. माफी मागणं जमलं नाही. मुलांपुढे मी रोज सांगत होतो, चूक कबूल करणाऱ्याला छडी नाही. स्वतःच्या घरात मला कोण छडी मारणार होतं, ते कळत नव्हतं.

तिनं काम सोडलं नाही. उलट त्यानंतरच्या वर्षांत तिच्या हातानं जे केलं, त्याला मी आमच्या घराचं भूषण म्हणतो. युरोपातल्या लढाईच्या दिवसांत रंगीत रेशीम बाजारातून नाहीसं झालं. खामगावचा दुकानदार नुसते हात हलवायचा. हिनं जुन्या लुगड्यांच्या काठांतले धागे ओढून काढले. पांढऱ्या सुताला पळसाची फुलं उकळून केशरी केलं, हळदीनं पिवळं केलं, डाळिंबाच्या साली लोखंडी कढईत उकळून काळसर केलं. त्या रंगांचं काम आधीच्यापेक्षा मऊ दिसायचं. दहा-दहा कोसांवरून बायका तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. पाटलाची सून यायची आणि जिनमध्ये जाणारीही यायची, एकाच चटईवर बसायच्या. ती त्यांना सांगायची, मोर काढायचा असल तं काढा, पण आधी सांगा, तुमच्या घरी काय हाये. मग त्या एकेक गोष्ट सांगत बसायच्या, आणि त्यातलं काही ना काही कापडावर यायचं. एकीनं नवऱ्याची काठी काढली होती. तिला हिनं काही विचारलं नाही, फक्त धागा दिला.

पण त्या दिवसानंतर तिच्या प्रत्येक कामात खालचा उजवा कोपरा चार बोटं मोकळा असे. तोरण असो, उशीचा अभ्रा असो, रुमाल असो. काठाची नक्षी तिथपर्यंत यायची आणि थांबायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "तेवढं राह्यलं."

आमची मुलगी शाळेत जायला लागली होती, त्या सुमारास मी एकदा प्रयत्न केला. चौकटींच्या कागदावर तिचं खरं नाव लिहिलं, दोन अक्षरी, आणि तिच्या सुयांच्या डब्यात ठेवलं. तिला दिसलं तेव्हा तिनं कागद माझ्याकडे आणला.

"हे काय हाये?"

"तुहं नाव. मायनं ठेवलेलं."

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. "याच्यावर काय हाये, मले काय मालूम?" ती म्हणाली. "मांगंही मले असंच वाटलं होतं."

"कोनालेही विचारून पाह्य ना."

"कोनाले विचारू? पोरीले? तिले सांगू, तुह्या बापानं लिहेल खरं हाये का पाह्य?"

कागद तिनं मला परत दिला. त्या दिवशी मला कळलं, मी काय घेतलं होतं ते. नुसतं कोपऱ्यातलं नाव नव्हे. माझ्या हातचं कुठलंही अक्षर आता तिच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाकडून ते तपासून घ्यायचं तर तिला माझं खोटं सांगावं लागलं असतं. ते ती करणार नव्हती. म्हणून तो कोपरा मोकळा होता. आता शिकवतो म्हणून मी तिच्यापुढे पाटी ठेवली असती, तर पाटीवरचं अक्षर तरी खरं कशावरून?

आमच्या मुलीला सोळावं लागलं आणि तिचं लग्न ठरलं. रुखवतासाठी तिनं वर्षभर काम केलं. दाराला लावायचं मोठं तोरण केलं, सहा हात लांब. त्याच्यावर आमचं घर होतं. म्हणजे मुलीचं लहानपण होतं. अंगणातली घडवंची, बोरीचं झाड, पायरीवर बसलेली मांजर, शाळेची पाटी. इतकं जिवंत काम मी तिच्याही हातचं आधी पाहिलं नव्हतं. आणि खाली कोपऱ्यात चार बोटं जागा.

लग्नाच्या दिवशी दुपारी रुखवत मांडलं. वरपक्षाच्या बायका पाहायला आल्या. विहीणबाई स्वतः भरतकाम जाणणाऱ्या, नजर करडी. त्यांनी तोरण हातात घेतलं, सुलट पाहिलं, मग उलटं करून पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य वं, मांगून सुदिक असं काम." माझी बायको हात बांधून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मला माहीत होतं की हे ऐकायला ती वर्षभर जागली होती. मी मांडवाच्या खांबापाशी होतो, पाहुण्यांना पानसुपारी देत.

मग विहीणबाईंचा अंगठा कोपऱ्यावर आला. "इहीनबाई, हे काऊन सोडलं?"

"तेवढं राह्यलं."

"राह्यलं कसं? लेकीले अर्धवट देत नाईत दारचं तोरन. शकुनाचं काम हाये हे." मागून कोणीतरी कुजबुजलं. एक बाई म्हणाली, घाई झाली असल. दुसरी म्हणाली, धागा सरला असल. विहीणबाईंनी तोरण खाली ठेवलं, घडी न करता. ते त्यांच्या घरी दाराला लागेल की पेटीत पडेल, हे त्या ठेवण्यातच दिसलं. मुलगी मुंडावळ्यांआडून आईकडे पाहत होती.

माझ्या बायकोनं मान खाली घातली. "माहंच चुकलं," ती म्हणाली. "मोजनी चुकली माही."

तिनं असं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भाजी खारट झाली तर ती हसून घ्यायची, बोलणं ऐकून घ्यायची, पण मोजणीवर तिनं कोणाला बोट ठेवू दिलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट तिची होती, आईकडून आलेली. तीही आता तिनं मला वाचवायला देऊन टाकली, लेकीच्या सासरच्या वीस बायकांपुढे.

पानाचं तबक मी कोणाच्या तरी हातात दिलं आणि बायकांच्या घोळक्यात गेलो. त्या पदर सावरत बाजूला झाल्या. पंचवीस वर्षं शाळेत बोललेली भाषा माझ्या तोंडात येईना, घरचीच आली.

"इहीनबाई," मी म्हटलं, "हिची मोजनी चुकली नाई. हिची मोजनी चुकतच नाई. ती जागा नावाची हाये. मांगं एका कापडासाठी हिनं मले आपलं माहेरचं नाव लिहून मांगतलं होतं, हिच्या मायनं ठेवलेलं. हिले वाचता येत नाई म्हनून म्या तिथं माहं नाव लिहून देल्लं, अन् हिनं ते इमानदारीनं काढलं. तवापासून हे जागा मोकळी हाये. चूक माही हाये, तोरनाची नाई."

माझे दोन जुने विद्यार्थी सतरंजी पसरत होते, ते थांबले. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता काही बोलतील. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी तोरण पुन्हा उचललं, दोन्ही हातांवर घेतलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "कोन्तं नाव हाये, इहीनबाई?"

तिनं ते सांगितलं. हळू नाही, कुजबुजून नाही. माझ्या मुलीनं आईचं ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी ते इथं लिहीत नाही, कारण ते माझ्या हातानं लिहायला तिनं मला अजून हो म्हटलेलं नाही, आणि न विचारता मी एकदा लिहून बसलो आहे.

मग मी तिच्याकडे वळलो. वीस बायकांना सांगणं सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि मला तिच्या नजरेला नजर द्यायची होती.

"तू नाव मांगतलं, अन् म्या तुह्या हातून माहं काढून घेतलं," मी म्हटलं. "तू विचारलं, तवाबी खरं बोललो नाई. इतक्या वर्षांत बोललो नाई. माहं चुकलं. मले माफ कर."